निवळी

सकाळी सहा. उणे अकरा.
फाटकाची कडी बोटांना चिकटते.
आत टाक्यांवर वाफ उभी,
पाणी आमच्यापेक्षा ऊबदार:
गावाच्या न्हाण्या, सिंक, काल रात्रीचं सूप.

मोठं काम माझ्याआधी उरकलेलं असतं.
जिवाणूंनी खायचं ते खाल्लंय, गाळ तळाला गेलाय.
पाहुणे वाकून बघतात, म्हणतात, झालं की स्वच्छ!
दिसायला झालं, मी म्हणते.
दिसत नाही ते माझ्या खात्यात.

सहा चंचुपात्रं, सहा पाती, एक मोटर.
पहिल्यात लोहक्षार नाही, दुसऱ्यात पाच,
असं करत सहाव्यात पंचवीस.
एक मिनिट जोरात, वीस मिनिटं हळू.
गुडेंचनं शिकवलं होतं हे, निवृत्त होण्याआधी:
रागवायचं एक मिनिट, समजवायचं वीस.
मग मोटर बंद. हात खिशात.

चौथ्यात आधी धुकं येतं,
मग गंजाच्या रंगाचे कण
एकमेकांना चाचपत जाड होतात
आणि बर्फासारखे,
नाही, बर्फाला घाई असते,
खाली येतात.
वर चार बोटं निवळी.
सहाव्यातही बसतं, पण उगाच;
जास्त घातलं की पाणी आंबटतं, नुसतं लोखंड वाया.
वहीत लिहिते: पंधरा.

शेवटी कोळसा.
करवंट्या जाळून केलेला, काजळीहून बारीक.
पोत्यावर नारळाचं झाड छापलंय;
आमच्या खोऱ्यात लार्च आणि देवदार,
नारळ कुणी उभा पाहिलेला नाही.
चमचाभर भुकटी उलगडली,
आतली भोकं सपाट केली,
तर मेंजाच्या घरामागचं कुरण झाकेल.
नखांत जाते. रविवारीही जात नाही.

पंधरा दिवसांनी बाटल्या कूरला जातात, आलेख परत येतात.
आत येणाऱ्या पाण्याचा एक कागद, बाहेर जाणाऱ्याचा एक.
पहिल्या कागदावर सगळं गाव:
कॉफी, गुडघ्यांची कळ, कुणाची उडालेली झोप.
आणि एका जागी एक बारीक, सरळ टोक.
फिटच्या गोळ्यांचं.
सहाशे चाळीस माणसांत त्या घेणारी एकच.
घाट बंद असला की औषधाच्या दुकानातून
त्या मीच आणून द्यायचे.
मेंजा दारात उभी राहून मोजून घ्यायची, दोनदा.
मी कुणाला सांगितलं नाही
की ती मला दर पंधरवड्याला कागदावर भेटते.

सहा डिसेंबरला ती गेली.
मला वाटलं, आता ती जागा सपाट येईल.
आठवड्यानं कागद आला.
टोक होतं. एवढं उंच
की यंत्रानं कागदाच्या कडेशी ते कापलं होतं.

क्षणभर मी वेड्यासारखी खूश झाले.

मग कळलं.
याखेन. तिचा भाऊ.
उरलेल्या गोळ्या, तीन-चार पाकिटं,
एकेक सोडवून संडासात.
दरवर्षी मी पंचायतीच्या फळ्यावर लावते:
जुनी औषधं दुकानात परत करा. मोठ्या अक्षरांत.

दुसऱ्या कागदावर काही नव्हतं.
कोळशानं सगळं घेतलं होतं,
न विचारता, कुणाचं म्हणून.

चीजच्या दुकानात याखेन भेटला.
टोपी हातात फिरवत म्हणाला,
मी काहीतरी टाकलंय तुझ्या पाण्यात.
घरात ठेववेना. कुणाला परत द्यायला जायचं, तेही जमेना.
काही बिघडलं का?

बोलायला माझ्याकडे अख्खा फळा होता.
एक मिनिट रागवायचं.
ते मिनिट मी सोडून दिलं.
नाही, म्हटलं, काही बिघडलं नाही.
मग आम्ही त्याच्या एका मेंढीबद्दल बोललो,
बराच वेळ. वीस मिनिटं असतील.

तो कोळसा गाळाबरोबर भट्टीत गेला.
पाणी गेलं एन नदीला, पुढे डॅन्यूबला,
कुठल्याशा काळ्या म्हणतात त्या समुद्राला.
पाणी सोडणं हा माझा धंदाच आहे,
तरी जानेवारीचा कागद आला
तेव्हा मी आधी ती जागा पाहिली.

सपाट.
चंचुपात्रं धुतली. आज अठरा लागतील,
वर बर्फ वितळायला लागलाय.